सामना कधी आहे, एवढं एका पानावर लिहा

प्रति,
राज्यातले सर्व जिल्हा क्रीडा अधिकारी, तालुका क्रीडा संयोजक आणि खेळांच्या जिल्हा संघटनांचे सचिव यांना,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या १४ वर्षांखालच्या संघातून खो-खो खेळते. पावसाळ्यात शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आमच्यासारख्या घरांत एकच चौकशी चालते. सामना कोणत्या तारखेला, कोणत्या मैदानावर, पोरींनी किती वाजता पोचायचं आणि परत यायला किती वाजतील? पंच कोण, पाहुणे कोण, निवड कशी झाली, यातलं काही आम्ही विचारत नाही. वेळ आणि ठिकाण कळलं की पुरे. हे साधं उत्तर आज इंटरनेटवर सापडत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

हातात फोन असलेला पालक आधी काय करतो? जिल्ह्याचं नाव, 'शालेय खो-खो स्पर्धा' आणि चालू साल टाकून शोधतो. वर येतात त्या मागच्या हंगामातल्या विजेत्या संघांच्या बातम्या, सत्काराचे फोटो, कुठल्या तरी जुन्या अंतिम सामन्याचे व्हिडिओ. बरंच खाली गेलं की एखादं परिपत्रक हाती लागतं. ते उघडलं की आधी जावक क्रमांक, विषय, संदर्भांची यादी, मग 'उपरोक्त विषयान्वये' असं सुरू होणारा लांबलचक परिच्छेद, मग मुख्याध्यापकांसाठी सूचना. कार्यक्रमाचा तक्ता पार शेवटच्या पानावर. तेही पान तिरकं ठेवून स्कॅन केलेलं, ठिकाणाच्या रकान्यावर नेमका गोल शिक्का उमटलेला आणि तारखेपुढे 'दि. ११ ते १३ सप्टें.' एवढंच लिहिलेलं. साल नाही. सहीखालचा आकडा मोठा करून बघितला की कळतं, हे पत्रक जुनं आहे. सगळा कागद म्हणजे एक फोटो असल्यामुळे त्यात 'खो-खो' हा शब्द शोधताही येत नाही. बोटाने सरकवत, डोळे ताणत ओळ न् ओळ बघायची. कधी टाइप केलेली फाइल मिळते, पण ती जुन्या फॉन्टमधली असते आणि फोनवर उघडल्यावर मराठी अक्षरांच्या जागी चिन्हांची रांग दिसते.

माहिती नसतेच, असं मी म्हणत नाही. कार्यक्रम ठरलेला असतो, तो कुणीतरी मेहनतीने बसवलेला असतो. एका कार्यालयातली मोजकी माणसं डझनावारी खेळ, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे तीन वयोगट, मुलं आणि मुली वेगवेगळी, एवढा पसारा सांभाळतात. मैदानं मागून घ्यायची, पंच जमवायचे, परीक्षांच्या तारखा चुकवायच्या. हे काम सोपं नाही आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. अडतं ते पुढे. ठरलेला कार्यक्रम तालुका संयोजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तिथून मुख्याध्यापकांच्या, तिथून क्रीडा शिक्षकांच्या, आणि शिक्षकांना सवड झाली की पालकांच्या. आमच्यापर्यंत येतो तो कडेने कापलेला स्क्रीनशॉट. 'मुली : दुसरा दिवस' ही ओळ कापलेल्या भागात राहून गेलेली असते. पुढे कार्यक्रम बदलला तर बदलाचा निरोप त्याच वाटेने, तितक्याच वेगाने येईल याची खात्री नाही. जुना आणि नवा असे दोन्ही निरोप एकाच वेळी फिरत राहतात आणि कोणता खरा, हे सांगायला कुणी नसतं.

आमच्या तालुक्यात गेल्या हंगामात असंच झालं. रात्रभर पाऊस पडला. मैदानात पाणी साचलं, आखलेली फक्की वाहून गेली, म्हणून सकाळी सामने दुसऱ्या शाळेच्या मैदानावर हलवले. निर्णय योग्यच होता. निसरड्या मैदानावर पोरी पळवायच्या नसतात. पण निरोप ग्रुपवर पडला तेव्हा लांबच्या गावाचा संघ एसटीत बसलेला होता. वाटेत रेंज नव्हती. मुली जुन्या मैदानापाशी उतरल्या तर फाटकाला कुलूप. दोन रिक्षांत कोंबून बाईंनी त्यांना नव्या मैदानावर आणलं, तोवर समोरच्या संघाला पुढे चाल देऊन झाली होती. संघातली सगळ्यात लहान मुलगी गुडघ्याला पट्टी बांधूनच आली होती. ती पट्टी तिने तिथेच बसून सोडली आणि घडी करून दप्तरात ठेवली. वर्षभर शाळा भरायच्या आधी मैदानावर येणाऱ्या या पोरी हरल्या नाहीत, जिंकल्या नाहीत. त्या खेळल्याच नाहीत.

बदल एका ठरलेल्या पानावर, तो केल्याच्या वेळेसकट लिहिला गेला असता तर गावातून निघण्यापूर्वी बाईंना तो बघता आला असता. निदान सकाळी कुठे बघायचं हे तरी माहीत असतं.

आता मुलींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वेळ न कळण्याची सगळ्यात मोठी किंमत त्या मोजतात. मुलगा उशिरा घरी आला तर फार तर बोलणी खातो. मुलीच्या बाबतीत परत येण्याची वेळ सांगता आली नाही तर ती घरातून निघतच नाही. आमच्या शाळेच्या संघात एक मुलगी आहे, पळायला उतरली की तीन-तीन मिनिटं हाती लागत नाही. खांबाजवळ अशी वळते की मागचीचा हात हवेतच राहतो. जिल्ह्याच्या सामन्यांना जायची वेळ आली तेव्हा तिच्या आजोबांनी बाईंना एवढंच विचारलं, "किती वाजता आणून सोडणार?" बाईंनी खरं ते सांगितलं, "आजोबा, भाग्यपत्रिका, म्हणजे कुणाचा सामना कुणाशी याच्या चिठ्ठ्या, तिथे गेल्यावर काढतात. पहिला सामना सकाळी असेल, नाहीतर दुपारनंतर." आजोबा म्हणाले, "मग राहू द्या." ते काही जुन्या वळणाचे, मुलींना कोंडून ठेवणारे गृहस्थ नाहीत. नातीच्या शाळेतल्या सामन्यांना ते स्वतः येऊन बसतात. पण त्यांच्या गावाला जाणारी शेवटची गाडी संध्याकाळी सुटते आणि फाट्यावर उतरून पुढे अंधारातून चालायचं असतं. त्यांना हवा होता एक आकडा, पाच किंवा सहा. तो कुणाकडेच नव्हता.

भाग्यपत्रिका आदल्या दिवशी काढून प्रसिद्ध केली असती तर? कोणता संघ कोणत्या सत्रात, सकाळी की दुपारी, एवढं जरी आदल्या संध्याकाळी पानावर दिसलं असतं तर बाईंना आजोबांना उत्तर देता आलं असतं. शक्य नसेल तर निदान 'मुलींचे सर्व सामने चारच्या आत संपतील' असं लिहा आणि ते पाळा. अशा एका वाक्यावर घरातून परवानगी मिळते.

रोजंदारीवर जाणाऱ्या आई-बापांचंही तेच. सामना बघायला जायचं म्हणजे एक खाडा. तारीख आठ दिवस आधी पक्की कळली तर मुकादमाला, मालकाला सांगून ठेवता येतं. आदल्या रात्री कळली तर लेकीचा खेळ बघणं सोडून द्यायचं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, मुलीसोबत जाणाऱ्या आया आमच्याकडे वाढल्या आहेत आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना तर प्रवास मोफतच आहे. गाडी परवडते, यायची इच्छा आहे. कोणती गाडी धरायची हे कळत नाही.

शाळाशाळांतला फरक बघा. जिथे क्रीडा शिक्षक पूर्णवेळ आहेत, जुने आहेत, कार्यालयात त्यांची ओळख आहे, तिथे एक फोन केला की सगळं कळतं. जिथे ते पद रिकामं आहे आणि गणिताच्या सरांकडेच खेळाचं काम दिलंय, तिथे फोन कुणाला करायचा इथपासून सुरुवात. बऱ्याच ठिकाणी प्रवेशिका आता ऑनलाइन भरतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथला लॉगिन शाळेचा असतो. पालकाने ते पान उघडलं तर युजरनेम आणि पासवर्ड मागणारे दोन रिकामे चौकोन दिसतात. कुठली तारीख, कुठलं मैदान, हे त्या दाराच्या आत. शाळेची नोंदणी आत राहू द्या, वेळापत्रक दाराबाहेर लावा.

नव्याने या वाटेला लागलेल्या पालकाचा गोंधळ किती होतो, याची कल्पना तुम्हाला नसावी, कारण तुम्ही रोज त्यातच वावरता. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही चढण आम्हाला हळूहळू समजते. मग कळतं की महानगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळांच्या जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा वेगळ्या होतात. दोन किलोमीटरवरच्या मावसबहिणीची शाळा हद्दीत आणि आपली बाहेर, म्हणून दोघींच्या तारखा वेगळ्या. विभागाचंही तसंच. महसुलाचे विभाग सहा, क्रीडा खात्याचे आठ. कोल्हापूर आणि लातूर हे खेळासाठी स्वतंत्र विभाग आहेत. विभागीय स्पर्धा दर वर्षी त्याच जिल्ह्यात होतील असंही नाही. शिवाय शालेय स्पर्धा ही एक वाट आणि संघटनेची दुसरी. शालेयमध्ये वयोगट १४, १७, १९, तर खो-खो संघटनेच्या स्पर्धांत किशोरी १४ वर्षांखालच्या आणि कुमारी १८ वर्षांखालच्या. एकच मुलगी दोन्हीकडे खेळते आणि संघटनेची निवड चाचणी कधी कधी नेमकी शालेय सामन्याच्याच दिवशी येते. दोघांची पत्रकं दोन वेगवेगळ्या ग्रुपवर फिरत असल्यामुळे ही टक्कर आदल्या दिवशी लक्षात येते, तेव्हा कुणालाच काही करता येत नाही. दोन्ही कार्यक्रम लोकांसमोर उघडे असते तर ती पालकांच्या आधी तुमच्याच लक्षात आली असती.

कायद्याचंही बोलते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधलं कलम ४ सांगतं, की सरकारी कार्यालयांनी अर्जाची वाट न बघता शक्य तितकी माहिती स्वतःहून, ठरावीक काळाने, इंटरनेटसह निरनिराळ्या मार्गांनी लोकांपर्यंत पोचवावी. ती लोकांना सहज मिळावी आणि देताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा. मुलांच्या सामन्याची वेळ ही गोपनीय बाब असूच शकत नाही. संघटनांना मी कायदा दाखवत नाही. मुलं त्यांच्याही मैदानावर खेळतात, एवढंच त्यांना सांगणं पुरेसं आहे.

आणि यात नुसती हौस नाही. या स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण अवलंबून असतात. वरच्या पातळीपर्यंत पोचलेल्या खेळाडूसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. निरोप न पोचल्यामुळे जी मुलगी पहिल्याच पायरीवर गळते, तिच्यासाठी हे सगळे दरवाजे तिथेच बंद होतात, आणि तिची कुठे नोंदही राहत नाही. हरलेल्या संघाचं नाव निकालात तरी येतं.

मग हवं आहे काय? आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात त्यात तिथी, वार, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता असतो, आणि तेवढ्यावर लांबच्या गावचा पाहुणा न चुकता मांडवात पोचतो. जिल्ह्याच्या स्पर्धांचं असंच एक पान असावं. दर वर्षी तेच, त्याच पत्त्यावर. खेळ, वयोगट, मुलगे की मुली, वारासकट आणि सालासकट तारीख, संघाने हजर राहायची वेळ, पहिल्या सामन्याची वेळ, मैदानाचं पूर्ण नाव आणि जवळचा बसथांबा, संपण्याची अंदाजे वेळ. सोबत काय आणायचं तेही लिहा. जन्मतारखेचा दाखला, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रवेशिका, ओळखपत्र, जे लागत असेल ते. कुस्तीसारख्या खेळात वजनाची वेळ ठळक लिहा, कारण ती हुकली की मल्ल आखाड्यात उतरण्याआधीच बाद होतो. चौकशीसाठी कार्यालयाचा एक क्रमांक, आणि तो उचलायची वेळ.

हे सगळं युनिकोड मराठीत टाइप केलेलं असावं, फोटो नको. फोनवर वाचता यावं, शोधता यावं, ज्याला वाचता येत नाही त्याला फोनकडून वाचून घेता यावं. पानाच्या माथ्यावर 'शेवटचा बदल' असं लिहून तारीख आणि वेळ टाका. बदल झाला तर जुनी ओळ पुसू नका, तिच्यावर रेघ मारून नवी लिहा, म्हणजे ज्याने आधी वाचलंय त्याला काय बदललं ते चटकन दिसेल. काहीच बदल नसेल तरी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी 'कार्यक्रम ठरल्याप्रमाणे' एवढे दोन शब्द टाका. पावसाळ्यात त्या दोन शब्दांनी किती घरांचा जीव भांड्यात पडेल, हे मी आई म्हणून सांगते. हंगाम संपल्यावर पान काढून टाकू नका, त्यावर सालाचं ठळक नाव घालून बाजूला ठेवा.

नवं ॲप मात्र बनवू नका, ही कळकळीची विनंती. ॲप उतरवून घ्यायला जागा लागते, नोंदणी लागते, आणि पुढच्या वर्षी ते बंद पडलेलं असतं. साधं पान कमी रेंजमध्येही उघडतं. व्हॉट्सॲपही बंद करा, असं मी म्हणत नाही. निरोप तिथेच पोचतात, पोचू द्या. फक्त निरोपात फोटोऐवजी त्या पानाचा दुवा पाठवा. मग तो कितीही हातांतून फिरला तरी उघडणाऱ्याला ताजी माहितीच दिसेल.

एका बाबतीत मात्र आज जे उघडं आहे ते झाका. संघांच्या याद्या, मुलींची पूर्ण नावं, जन्मतारखा, कधी आधार क्रमांक आणि फोटोसुद्धा असलेले कागद ग्रुपांवरून सर्रास फिरतात. ते पाहून मला धास्ती वाटते. वेळापत्रकात शाळेचं नाव पुरे, मुलांची नावं त्यात नकोत. जे सगळ्यांना कळायला हवं ते कुणाला सापडत नाही आणि जे जपायला हवं ते अनोळखी फोनांत जाऊन बसतं. यातलं दुसरं तर आजच्या आज थांबवता येईल.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली जिंकल्या, मुलगेही जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. आमच्या घरी त्या आठवड्यात जेवणाच्या वेळा सामन्यांवर ठरल्या. आज कुणाशी, किती वाजता, सगळं लेकीने फोनवर बघून ठेवलेलं. अंतिम सामना संपल्यावर शेजारच्या चार मुली अंगणात पाटी आखायला लागल्या. दिल्लीतला सामना बघायला त्यांना कुणाची ओळख लागली नाही, कुठल्या ग्रुपात असावं लागलं नाही. आपल्याच तालुक्याच्या मैदानावर स्वतःचा सामना खेळायला ती लागते, हे मला बघवत नाही.

येत्या हंगामाच्या प्रवेशिका सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्याने असं एक पान सुरू करावं. सगळे खेळ एकदम जमत नसतील तर खो-खो, कबड्डी आणि मैदानी स्पर्धांपासून करा, कारण आमच्या भागातल्या सर्वाधिक मुली तिथेच असतात. पानाचा पत्ता प्रत्येक शाळेच्या फलकावर आणि प्रवेशिकेच्या कागदावर छापा. टाइप करायला माणूस नसेल तर सांगा. आमच्या शाळेच्या पालकांत दोघीतिघी मराठी टायपिंग उत्तम जाणणाऱ्या आहेत, मीही त्यातलीच, आणि हंगामभर संध्याकाळचा तासभर द्यायची आमची तयारी आहे. तक्ता तुमचा, जबाबदारी तुमची, हात आमचे.

उत्तराची वाट बघते.

आपली,
खो-खो खेळणाऱ्या एका मुलीची आई